घोड्याचा केस आणि मानेवरचे सतरा मस

पत्र थोडं आवरून देते आहे:

“ताई, मी ३९ वर्षांची आहे. नागपुरात मानेवाड्याला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. चार-पाच वर्षांपासून मानेवर बारीक मस येताहेत. परवा आरशात मोजले, सतरा भरले. दुखत नाहीत, पण पोत अडकते आणि झोपेत ओढली गेली की उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका दिसतो. मान मागून काळीही पडली आहे, लिंबू घासून काही फरक नाही. पहिलीतल्या एका पोराने विचारलं, ‘मॅडम, हे काय लटकते?’ तेव्हापासून मे महिन्यातही बंद गळ्याचे ब्लाउज घालते. जवळच्या डॉक्टरांनी वर न पाहताच ‘काही नाही, कॉस्मेटिक आहे’ म्हटलं. नवरा म्हणतो, कोण पाहून राहिलं? जाऊबाई माझा टॉवेल वेगळा ठेवतात. सासूबाईंनी वरातीच्या घोडीवाल्याकडून शेपटीचा केस आणून सगळ्यात मोठ्या मसाला बांधला. आज चौथा दिवस. तो काळानिळा पडलाय, भोवती लाल झालंय आणि ठणकतंय. बावीस दिवसांनी भाचीचं लग्न आहे. पार्लरवाली म्हणते, सगळे एका बैठकीत जाळून देते. माझी मावशी कॅन्सरने गेली, त्यामुळे रात्री नको ते विचार येतात. आणि एक, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या दंडांवर काटा आल्यासारखे दाणे आहेत. ती कबड्डीची बिनबाह्यांची जर्सी घालत नाही, घासणीने दंड घासते. काय करू?”

बाई गं,

वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. बाकी सगळं नंतर, आधी तो बांधलेला केस. हे वाचून झालं की उद्या सकाळीच डॉक्टरकडे जा. केस ओढू नकोस, आणखी घट्ट करू नकोस, लोंबतो आहे म्हणून नखाने तोडू नकोस. दवाखान्यात निर्जंतुक कात्रीने दोन मिनिटांचं काम आहे. टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस ते आठवून सांग. लाली पसरत चालली, पू आला, ताप भरला तर उद्याचीही वाट पाहू नकोस.

सासूबाईंवर चिडू नकोस. घोड्याचा केस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधत आलेत आणि बारीक देठाचा मस त्याने गळूनही पडतो, म्हणून तर उपाय टिकून आहे. रक्त अडतं, मस सुकतो, पडतो. पण देठ जाड असला की रक्त अर्धवटच अडतं. मग तो अर्धमेला लोंबत राहतो, आपल्या उन्हाळ्यातला घाम त्यावर वाहत राहतो आणि घोडीच्या शेपटीवरचं जे काही असेल ते जखमेत जातं. तुझ्या बाबतीत आणखी एक कारण आहे, त्याकडे येतेच.

आता रात्रीच्या विचारांबद्दल. तू लिहिलेलं वर्णन मसाचंच आहे, डॉक्टर ज्याला स्किन टॅग म्हणतात. मऊ, कातडीच्याच रंगाचा किंवा जरा काळसर, बारीक देठावर लटकणारा, बोटाने इकडेतिकडे हलणारा. कातडीला कातडी किंवा कापड घासतं तिथे हे येतात: मान, काख, जांघ, स्तनांच्या खाली, पापण्या. चाळिशीकडे झुकलेल्या कितीतरी जणांना असतात, घराण्यात चालत येतात, वजन वाढलं की आणि गरोदरपणात वाढतात. तुझ्या मावशीच्या आजाराशी यांचं नातं नाही आणि सतरा आहेत म्हणून धोका सतरापट होत नाही. पोत ओढली गेल्यावर रक्त येणं ही ओढल्याची जखम आहे. काहीच न लागता रक्त आलं, चट्टा न भरता तसाच राहिला, काही आठवड्यांत भराभर वाढला, कडक झाला, एकाच डागात दोन-तीन रंग दिसू लागले किंवा कडा वेड्यावाकड्या झाल्या, तर मात्र लगेच दाखवायचं. मी पत्रावरून सांगते आहे, मान पाहिलेली नाही. म्हणून एकदा त्वचारोगतज्ज्ञाने नीट उजेडात पाहायलाच हवं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत केसपेपर काढून त्वचारोगाच्या ओपीडीत बसलीस तरी चालेल. सकाळी लवकर जा, रांग असते.

जाऊबाईंना सांग, मस संसर्गाने पसरत नाहीत. टॉवेलने नाही, उशीने नाही, कुशीत झोपलेल्या लेकरालाही नाही. पसरते ती चामखीळ, आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात म्हणून हा घोटाळा होतो. चामखीळ विषाणूने होते. ती हाताला खरखरीत लागते, वर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी फाटलेली असते आणि जवळून पाहिलं तर तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. त्या केशवाहिन्यांत गोठलेल्या रक्ताच्या गुठळ्या असतात.

टॉवेल वेगळा ठेवण्याची ती रीत मला फार लागली. आपल्या विदर्भाला कातडीच्या भीतीची जुनी ओळख आहे. बाबा आमट्यांना वरोऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारून पाऊणशे वर्षं होऊन गेली, ते आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि तरी घरातल्या बाईच्या मानेवर दाणा दिसला की पहिल्यांदा टॉवेल वेगळा होतो. जाऊबाईंशी भांडू नकोस. डॉक्टरकडे जाताना त्यांना सोबत घेऊन जा आणि “हे लागतं का?” हा प्रश्न त्यांनाच विचारू दे.

आता काळी मान. लिंबू आजच्या आज बंद कर. तो मळ नाही. इतकी वर्षं लोकांनी आडून-आडून “मान घासत नाही का?” म्हटलं असेल, तू नहाणीत उभी राहून घासत राहिली असशील, आणि तो मळ कधी नव्हताच. हात लावून बघ, मखमलीसारखं जाडसर लागेल. अशी मान आणि त्यावर मस, ही जोडी बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन जास्त फिरत असल्याची खूण असते. पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, मग शरीर ते आणखी तयार करतं, आणि रक्तात वाढलेलं इन्सुलिन कातडीच्या पेशींनाही वाढ म्हणतं. कातडी जाड, काळसर होते, मस फुटतात. मधुमेह कळायच्या कितीतरी आधी मान ही बातमी देते. घासून-घासून तू त्या बातमीचा कागद पुसत होतीस.

म्हणून मसाचं काय करायचं ते ठरवण्याआधी रक्त तपास. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते: ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. एका आकड्यावर डॉक्टर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात. रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेरही मोजून घे, आपल्याकडच्या बाईसाठी ८० सेंटीमीटरच्या आत हवा. साखर वाढलेली निघाली तर बांधलेल्या केसाची जखम चिघळण्याची भीती जास्त. मघाशी म्हटलं ते कारण हेच. आणि उंबरठ्यावर निघालीस तर परत फिरता येतं. रोज अर्धा-पाऊण तास चालणं आणि थोडं वजन उतरवणं एवढ्याने मानेचा काळेपणा काही महिन्यांत निवळायला लागतो. आलेले मस मात्र त्याने गळत नाहीत.

मग ते काढायचे का? त्या डॉक्टरांनी वर न पाहता “कॉस्मेटिक” म्हटलं ते वाचून माझा जीव कळवळला. मस निरुपद्रवी आहेत हे वैद्यकीय दृष्टीने बरोबर. पण मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, बंद गळ्याचं ब्लाउज घालून वावरणारी बाई त्रासात आहे, हेही तितकंच खरं. तुला नको असतील तर काढ. पोत अडकते, रक्त येतं, एवढं कारण पुष्कळ आहे, आणि ते नसतं तरी “मला नको आहेत” हे कारण पुरलं असतं. ठेवायचे असतील तर ठेव, ठेवल्याने काही बिघडत नाही. नवऱ्याला सांग, कोण पाहतं हा प्रश्नच नाही, मान माझी आहे.

काढणं अवघड नाही. भूल देणारं मलम तासभर आधी लावतात, मोठ्या मसाला छोटं इंजेक्शन देतात, मग देठाशी कात्रीने कापतात किंवा विजेच्या बारीक सुईने, नाहीतर रेडिओफ्रिक्वेन्सीने काढतात. सतरा मस एका बैठकीत होतात. द्रव नायट्रोजनने गोठवण्याचीही पद्धत आहे, तो उणे १९६ अंशांचा असतो. पण आपल्या सावळ्या कातडीतला रंग बनवणाऱ्या पेशींना ती थंडी सोसत नाही, पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात. म्हणून आपल्या रंगाला कोणती पद्धत बरी, हे विचारून घे. लहान जखम झाली तरी कातडी फुगून वर येण्याची सवय तुला किंवा माहेरी कुणाला असेल, म्हणजे कान टोचल्यावर गाठ आली वगैरे, तर आधी सांग. काढलेला मस त्या जागी सहसा परत येत नाही. नवे मात्र दुसरीकडे येऊ शकतात, साखर आणि वजन तसंच राहिलं तर येण्याची शक्यता जास्त.

पार्लरवालीला नाही म्हण. तिचा हात भुवयांवर चांगला चालत असेल, पण मस कोणता, चामखीळ कोणती आणि ज्याला हात लावू नये असा तीळ कोणता, हे ओळखायचं शिक्षण तिचं नाही. जाळल्यावर तपासायला काही उरतही नाही. शंका आली तर डॉक्टर तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवतो. मोबाइलवर मागवतात त्या मस घालवणाऱ्या थेंबांचंही तेच. त्यांतल्या कित्येकांत चामखिळीवरचं आम्ल असतं, ते आजूबाजूची चांगली कातडी भाजतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये असली उत्पादनं विकणाऱ्यांना ताकीद दिली होती. मान्यता मिळालेलं असं एकही दुकानी औषध तिथे नाही.

आणि चुना-सोडा तर अजिबात नको. माझ्या आईच्या मानेवर, उजव्या कानाखाली, रुपयाएवढा चकचकीत पांढरा डाग होता. लग्नाआधी शेजारच्या काकूंनी खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून काडीने मसावर लावला होता. मस मुगाएवढा होता. चुन्याची भाजणूक आत-आत उतरत जाते, वरून कळत नाही. आईने ती रात्र ओल्या फडक्याने काढली, सकाळपर्यंत खड्डा पडला होता. पुढे चाळीस वर्षं तिने केसांचा अंबाडा उजवीकडे झुकता बांधला. तो मस राहिला असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता.

लग्नाचा हिशेब असा धर. या आठवड्यात मस काढलेस तर खपल्या आठ-दहा दिवसांत पडतात, लग्नापर्यंत गुलाबीसर खुणा राहतील, त्या पुढे विरतात. लग्नाला आठच दिवस उरलेले असताना काढू नकोस. केस बांधलेली जागा चिघळलेली असेल तर डॉक्टर आधी ती बरी करायला सांगतील आणि बाकीचे नंतर, तेव्हा घाई करू नकोस. खपल्या असेपर्यंत पोत काढून ठेव. भाचीच्या हळदीला बायका तुझ्याही मानेला हळद फासायला येतील, कच्च्या जागेवर लावू देऊ नकोस. स्कूटीवर निघताना आपण तोंडाला ओढणी गुंडाळून मानेमागे गच्च गाठ मारतो, ती गाठ नेमकी तिथेच घासते. महिनाभर मऊ सुती ओढणी, सैल, आणि गाठ बाजूला. ऊन ताज्या खुणांना काळं करतं, म्हणून मानेला सनस्क्रीनही लाव.

लेकीच्या दंडांना केराटोसिस पिलॅरिस म्हणतात, नाव मोठं आहे, गोष्ट लहान. कातडीतलं केराटिन केसाच्या मुळाशी साचून बूच बसतं, प्रत्येक बुचाचा एक दाणा. वाढीच्या वयात फार जणींना असतं, आईकडून नाहीतर बापाकडून येतं. तुझे स्वतःचे दंड एकदा चाचपून बघ. हिवाळ्यात वाढतं, हवा दमट झाली की कमी होतं, पुष्कळदा तिशीपर्यंत आपोआप ओसरतं. घासणी तिच्या हातातून आजच काढून घे. घासलं की दाणे लाल होतात, मग काळे डाग राहतात, आणि ते दाण्यांपेक्षा जास्त दिवस टिकतात. चार-पाच दिवस कातडी शांत होऊ दे, मग अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेलं क्रीम दंडांवर रोज. युरियाचं दहा टक्क्यांचं सुरुवातीला पुरतं. सोललेल्या जागी झोंबेल. फरक दिसायला सहा-आठ आठवडे जातात आणि बंद केलं की दाणे परत येतात, हे तिला आधीच सांग, म्हणजे दहाव्या दिवशी ट्यूब फेकणार नाही.

हे दाणे मलाही होते. कॉलेजची सगळी वर्षं मी पूर्ण बाह्यांत काढली, नवतप्यातसुद्धा, आणि आईने कधी माझे दंड हातात घेऊन पाहिले नाहीत, कारण ती स्वतःची मान झाकण्यात गुंतलेली होती. क्रीम पहिले काही दिवस तूच तिच्या दंडांना लाव. जर्सीचा विषय काढू नकोस, खेळाच्या सरांना मात्र एवढं विचार, की आत अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट चालेल का.

उद्या सकाळी चहा न घेता नीघ, रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे. लेकीलाही सोबत ने, तिचे दंड त्याच केसपेपरच्या रांगेत दाखवून होतील. शिदोरी बरोबर ठेव आणि रक्त दिल्या दिल्या खाऊन घे. रिपोर्ट आले की मला लिही.

तुझी
ताई