सांगलीकरांनी कोल्हापूरहून लहान विमानानं जावं की सरळ पुणे गाठावं?

तुमचा प्रश्न असा : मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरला जायचं तर कोल्हापूरहून सुटणाऱ्या लहान विमानांवर भरवसा ठेवावा का? त्यांत सेवा दुय्यम असते, हातातली बॅगही काढून घेतात, हे कितपत खरं?

बॅगेचं खरं आहे, सेवेचं अर्धवट खरं आहे. भरवशाचं म्हणाल तर विमान कितीही चांगलं असलं तरी त्याच्या मागं दुसरं विमान उभं नसतं. लहान मार्गांवरचा बहुतेक मनस्ताप तिथून सुरू होतो.

तिकीट काढतानाच विमान कोणतं ते बघून घ्या. एटीआर 72 म्हणजे पंख्याचं विमान. इंडिगोच्या एटीआरमध्ये 78 सीट, दोन्ही बाजूंना दोन-दोन. स्टार एअरकडं एम्ब्राएरची जेट आहेत. त्यातल्या 175 मध्ये 76 सीट (12 बिझनेसच्या), तर 145 मध्ये 50 सीट, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. साध्या वर्गात मधली सीट यातल्या कशातच नाही. एअरबस 320 सारख्या मोठ्या जेटमध्ये तिघांच्या मधोमध अंग चोरून बसण्यापेक्षा हे मला केव्हाही बरं वाटतं.

एटीआरचे पंखे पुढच्या-मधल्या ओळींच्या शेजारी फिरतात, त्यामुळं आवाज तिथंच जास्त. चढण्या-उतरण्याचा दरवाजा मागं असतो. म्हणून मागची सीट घ्या : आवाज कमी आणि उतरताना पहिला नंबर. एम्ब्राएर 145 ची इंजिनं शेपटाजवळ आहेत, तिथं उलट पुढं बसावं.

डीजीसीएच्या (म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) नियमानुसार दर 50 सीटमागं एक केबिन कर्मचारी लागतो. म्हणजे 78 सीटला दोघं आणि 50 सीटला एकच. कोल्हापूर-मुंबई तासाभराचं उड्डाण. चढण आणि उतरण वजा केली तर ट्रॉली फिरवायला वीसेक मिनिटं उरतात. गरम जेवणाची अपेक्षा ठेवू नका. दशम्या-चटणी बरोबर नेली तर कुणी अडवत नाही. शौचालय एटीआरला एकच असतं, तेव्हा काम विमानतळावर उरकून घ्या.

आता बॅग. केबिन बॅगेची मर्यादा देशांतर्गत साधारण 7 किलो, पण लहान विमानात अडचण वजनापेक्षा आकाराची होते. एटीआरचा वरचा कप्पा बुटका आहे, चाकांची कडक बॅग त्यात बसत नाही. एम्ब्राएर 145 मध्ये तर कप्पे दोन सीटच्या बाजूलाच आहेत. म्हणून विमानाच्या दारात किंवा बोर्डिंग गेटवर टॅग लावून बॅग खाली सामानात टाकतात. त्यासाठी वेगळे पैसे सहसा घेत नाहीत, पण तयारी नसेल तर तिथंच गडबड उडते. पॉवर बँक आणि सुटी बॅटरी सामानाच्या कप्प्यात चालत नाही, ती काढून हातात घ्यावी लागते. मर्यादा 100 वॉट-तास. 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॉट-तासांची असते, ती चालते. लॅपटॉप, औषधं, दागिने, मूळ कागदपत्रं आणि घराची किल्ली एका छोट्या कापडी पिशवीत आधीच वेगळी ठेवा, म्हणजे टॅग लागला की पिशवी उचलून चालू पडता येतं. बॅग शिडीपाशी परत मिळणार की पट्ट्यावर येणार, हे टॅग लावणाऱ्याला तिथंच विचारा. मऊ बॅग सीटखाली दाबून बसते. भडंगाची पाकिटं वजनाला हलकी, पण जागा फार खातात. ती मोठ्या बॅगेत भरा.

चेक-इन केलेली बॅग कधी कधी मागंच राहते, त्यामागं धावपट्टी आणि ऊन आहे. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी पूर्वी 1,370 मीटर होती, ती वाढवून 1,930 मीटर केली. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 38 अंशांवर गेला की तिथली हवा विमानाला साधारण 5,200 फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. पंख उचल कमी देतात, इंजिनाची ताकदही घटते. मग वजन कमी करावं लागतं. इंधन ठरावीक मर्यादेखाली नेता येत नाही, राहतात सीट आणि बॅगा. पुढच्या सीटवरच्या कुणाला मागं बसायला सांगितलं तर तो तोल साधण्याचा भाग असतो, उगाच वाद घालू नका. उन्हाळ्यात दुपारऐवजी सकाळचं विमान घेतलं तर ही भानगड बरीच टळते.

वळवाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. एटीआरची कमाल उंची 25,000 फूट. वळवाचे ढग त्याच्या कितीतरी वर चढतात, त्यामुळं पायलटला त्यांच्यावरून जाता येत नाही, वळसाच घालावा लागतो. जेट तुलनेनं वरून जातं, पण उतरताना दोघांना तीच हवा. पावसाळ्यात दिसेनासं झालं तर विमान बेळगावला किंवा जिथून निघालं तिथं परत जातं.

भरवशाचं गणित असं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी कुठंतरी चाळीस मिनिटं उशीर झाला की संध्याकाळपर्यंत तो वाढत जातो. मोठ्या विमानतळावर एक उड्डाण रद्द झालं तर दोन तासांनी दुसरं असतं. इथं पुढचं उद्या, आणि काही मार्गांवर तर रोज उड्डाणही नसतं. म्हणून घर सोडण्याआधी तुमचं विमान आधीच्या गावाहून सुटलं का, हे उड्डाणं दाखवणाऱ्या ॲपवर बघा. जयसिंगपूर-हातकणंगले-शिरोलीवरून विमानतळ साधारण 50 किलोमीटर, त्यामुळं बघून निघायला वेळ मिळतो. मुंबईत सकाळी कोर्टाची तारीख किंवा मुलाखत असेल तर मी आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसवरच विसंबेन.

पुण्याला सुमारे 230 किलोमीटर म्हणजे साडेचार-पाच तास, त्यात लोहगावच्या विमानतळापर्यंतची शहरातली गर्दी वेगळी. लांबचा प्रवास, परदेशी जोडणी किंवा अजिबात न चुकवता येणारं काम असेल तरच पुणे. सातारकरांनी मात्र पुणंच धरावं. कराडकरांना उजळाईवाडी जवळ. कराडची स्वतःची धावपट्टी 1,280 मीटरची आहे, आणि एटीआर 72 ला पूर्ण वजनानं समुद्रसपाटीवरसुद्धा सुमारे 1,300 मीटर लागतात. तिथून ही विमानं का उडत नाहीत, ते यावरून कळेल.

पुढं दुसरं विमान पकडायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान लटकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत.

उशीर किंवा रद्द झाल्यावर काय मागायचं, तेही लिहितो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणं-पिणं द्यावं लागतं. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. आगाऊ न कळवता रद्द केलं, तर तासाभराच्या उड्डाणाला 5,000 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. हवामान किंवा हवाई नियंत्रणामुळं रद्द झालं तर भरपाई नाही, म्हणून रद्द होण्याचं कारण काउंटरवरून लेखी किंवा मेसेजवर घ्या. यात अनेकांचा दावा एका बारीक गोष्टीत बुडतो : बुकिंगमध्ये प्रवाशाचा संपर्क नसेल तर भरपाई मिळत नाही, आणि एजंट बहुतेकदा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. तिकीट हातात आलं की आधी नंबर बदलून घ्या.

बॅग आली नाही किंवा फुटली तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या काउंटरवर पीआयआर (सामानाच्या तक्रारीचा) फॉर्म भरून प्रत घ्या. बाहेर पडल्यावर सिद्ध करणं अवघड जातं. तक्रार आधी कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याकडं, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. तरी दाद लागली नाही तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करता येतो, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही, आणि रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.