'शेम' बघून इंजिनिअरिंग सोडावंसं वाटतंय

प्रिय मित्रा,

तुझा मेल नीट वाचला. थर्ड इयर, होस्टेलवर पहाटेपर्यंत फोनवर पॉर्न बघणं सुटत नाही, सकाळची लेक्चर्स बुडतात, चार विषय राहिलेत, आणि परवा 'शेम' हा पिक्चर बघितल्यापासून तुला वाटतंय की आपण त्यातल्या सेक्स-पॉर्नच्या आहारी गेलेल्या ब्रँडनसारखेच, तेव्हा कॉलेज सोडून गावी जावं, फक्त घरी काय सांगायचं ते कळत नाहीये.

आत्ता कॉलेज सोडू नकोस. ब्रांच आवडत नाही असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस, तुला तोंड लपवायचंय, आणि फोन तर गावीही बरोबर येणारच ना रे.

स्टीव्ह मॅक्वीनचा हा पिक्चर 2011 चा. ब्रँडनला न्यूयॉर्कमध्ये चांगली नोकरी आहे, फ्लॅट एकदम चकाचक, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घाण सापडते तरी बॉसला संशय येतो तो इंटर्नचा. मग बहीण सिसी राहायला येते, तिच्यासमोर सगळं उघडं पडतं आणि हा मासिकं, लॅपटॉप वगैरे सगळं कचऱ्यात टाकून मोकळा होतो. तूही अ‍ॅप डिलीट करून, शपथा घेऊन हेच करतोयस. पण पुढे काय होतं बघ, बहिणीशी तो मोकळेपणाने बोलत नाही, उलट भांडतो, तिचे फोन उचलत नाही आणि त्याच रात्री आधीपेक्षा खोल जातो. मला तरी त्यात हेच दिसतं, लाज वाटली की तो लपतो, एकटा पडला की परत तेच.

आणि स्वतःला अ‍ॅडिक्ट म्हणायची घाई करू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत हा प्रकार व्यसनांत नाही, आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांत धरलाय, साधारण सहा महिने किंवा जास्त ताबा सुटलेला हवा, त्यामुळे मोठा त्रास किंवा अभ्यास-कामावर ठळक परिणाम हवा, आणि नुसतं 'मी वाईट मुलगा' असं वाटून होणारा त्रास निदानाला पुरत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुझं काय आहे ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरवेल, तू नाही आणि मीही नाही.

आज 14416 ला फोन लाव, टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुढे कंपनीला कळेल ही भीती काढून टाक, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क आहे. घरी सगळं सांगायची सक्ती नाही, "आई, झोप बिघडलीय, अभ्यास होत नाहीये, डॉक्टरला दाखवतोय" एवढं खरंही आहे आणि पुरेसंही. रात्री फोन रूममेटकडे देऊन झोप.

राहिलेले चार विषय कोणते आणि परीक्षेचा फॉर्म कधी भरायचाय ते कळव. मला वाटतं या वेळी दोनच घ्यावेत, पण मार्कशीट बघून नक्की सांगतो.