बटईच्या रानात शेणखत टाकावं का?

प्रश्न : लातूरकडं आमचं सोयाबीन आहे, निम्मं रान बटईचं. पाऊस आधी दडी मारतो नि मग एकदम कोसळतो. रान सुधारायचंय, पण मालक पुढच्या वर्षी देईल का हेच माहीत नाही. काय करू?

उत्तर : दादा, तुमची अडचण खरी आहे आणि फार कमी बोलली जाते. सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळ्यातून येणारा मातीचा कस, वाढायला वर्षं लागतात आणि बटई एका हंगामाची, कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कुळ कायद्याच्या भीतीनं मालक कागद करत नाही, सातबारावर नाव नाही म्हणून पीककर्ज मिळत नाही, मग खतात पैसा घालणार कोण? नीती आयोगानं 2016 मध्ये जमीन भाड्यानं देण्याचा नमुना कायदा काढला तो याचसाठी.

तोवर शेणखत स्वतःच्या रानात टाका. बटईच्या रानात बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून, पेरा, त्याचा फायदा त्याच हंगामात मिळतो, जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. बियाणं घरचं चालेल, फक्त 100 दाणे ओल्या पोत्यात ठेवून बघा, 70 तरी उगवले पाहिजेत. मालकाशी तीन वर्षांचं बोलून बघा, खताचा निम्मा खर्च त्यांनी द्यावा असंही सांगा, रान त्यांचंच सुधारतंय ना.