परसातील गुलाब आणि कोरडी ऑक्टोबर हीट

परतीच्या पावसाने पाठ फिरवल्यापासून गुलाबाची पाने पिवळी पडून गळत आहेत, फुले लहान येत आहेत आणि रोज सकाळी तांब्या-दोन तांबे पाणी घालूनही फरक पडत नाही, अशी विचारणा लातूर व बीड जिल्ह्यांतील काही शेतकरी भगिनींनी केली आहे.

यातील बहुतेक दोष रोगाचा नसून पाणी देण्याच्या रीतीचा आहे. खुरपीने बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बोटे खोल उकरून पाहावे. रोज थोडे पाणी मिळणाऱ्या आळ्यात वरची दोन बोटे माती ओली आणि खाली कोरडे ढेकूळ आढळते. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडल्या असतील, तर दिलेले पाणी त्या वाटेने मुळांना चुकवून निघून जाते. म्हणून आधी हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात, मग मोठ्या झुडपास ८ ते १० लिटर पाणी दोन टप्प्यांत सावकाश द्यावे आणि पुढचे पाणी चार-पाच दिवसांनी, तेही माती उकरून पाहिल्यावरच द्यावे. आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचा तीन बोटे जाड थर अंथरावा, मात्र तो बुंध्याला टेकू देऊ नये.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरच्या जड (क्षारयुक्त) पाण्यामुळे लोह मिळत नाही असे समजून चिलेटेड लोह (पानांना सहज शोषता येईल असे विद्राव्य लोह) १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे. पानांवर बारीक फिकट ठिपके असल्यास पान पांढऱ्या कागदावर झटकावे. चालणारे ठिपके दिसले तर तो लाल कोळी, म्हणजे पानांतील रस शोषणारी बारीक कीड होय. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारल्याने तो बराच आटोक्यात येतो. न आल्यास पाण्यात मिसळणारे गंधक २ ग्रॅम प्रति लिटर प्रमाणात संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात.

छाटणीपूर्वी मुळे उघडी करून ताण देण्याची (पाणी तोडण्याची) जुनी पद्धत यंदा टाळावी, कारण झाड आधीच ताणलेले आहे. दोन पाणी पूर्ण झाल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंबाच्या) थोडे वर तिरका काप घ्यावा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावावी आणि डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेखालून निघणारे जंगली फुटवे मुळापासून काढावेत. त्यानंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुले येतात.