सीपॅपचा (झोपेत श्वास अडकू नये म्हणून दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क लावला की गुदमरतं, सकाळी तो उशीखाली सापडतो. सवय कशी लावावी?

तुमचा निदान उशीखाली सापडतो. माझा पलंगाखाली सापडायचा, आणि कधी काढून भिरकावला ते अजिबात आठवायचं नाही. आता चार वर्षं झाली. झोपेच्या तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता, आता मशीन २-३ दाखवतं.

"सहन करा, होईल सवय" हे मलाही सगळ्यांनी सांगितलं. दोन महिने सहन केलं, ते फुकट गेले. टोचणाऱ्या मास्कची सवय होत नसते.

माझी मोठी चूक पट्ट्यांची. विक्रेत्याने खुर्चीत बसवून मास्क बांधून दिला होता. पण आडवं झालं की गाल पसरतात, चेहऱ्याची ठेवण बदलते आणि कुठून तरी हवा फुसफुसायला लागते, बहुधा थेट डोळ्यात. मग मी पट्टे आवळायचो. सिलिकॉनची कड हवेने किंचित फुगून चेहऱ्याला टेकायची असते. आवळली की ती चेपते आणि गळती वाढते. वर सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ.

आज रात्री एवढं करा: रोजच्या उशीवर आडवे व्हा, मशीन चालू करा, सगळे पट्टे सैल सोडा. मास्क चेहऱ्यावरून जरासा उचलून परत टेकवा आणि गळती थांबेपर्यंतच दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ओढा. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. मग कुशीवर वळून बघा. झोपण्याआधी चेहरा धुवा, क्रीम-तेल लावू नका, कड घसरते. कड रोज सकाळी कोमट पाण्यात साधा साबण घालून धुवायची.

गुदमरण्याचं म्हणाल, तर माझ्या बाबतीत हवा जास्त नव्हती, कमी होती! झोप लागावी म्हणून मशीन आधी हलका दाब देतं आणि हळूहळू वाढवतं, त्याला रॅम्प म्हणतात. माझा रॅम्प ४ पासून सुरू व्हायचा, तेवढ्यात मला श्वासच पुरायचा नाही. डॉक्टरांनी तो ६ वर नेला आणि श्वास सोडताना दाब थोडा उतरावा अशी सोयही चालू करून दिली. दुसऱ्याच रात्री फरक पडला. मुख्य दाब मात्र मनाने बदलू नका.

दुसरी भीती वीज जाण्याची. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला यासाठीच झडप असते. हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. एकदा जागेपणी, मास्क लावलेला असताना स्वीच बंद करून बघा, धास्ती निम्मी होईल. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर हवा दमट करण्यासाठी टाकीतलं पाणी तापवणारा भाग बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो.

दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचो. नातवाने हत्ती म्हणून नाव ठेवलं, पण उपयोग झाला.

सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर बहुधा झोपेत तोंड उघडून हवा निसटतेय. आधी नाक चोंदलंय का ते कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. माझं नाक मोकळं झाल्यावर पूर्ण चेहऱ्याचा मास्क सोडून नाकाचा छोटा घेता आला. त्यासाठी मिशी जरा कातरावी लागली, त्याचं दुःख मला जास्त झालं.

थंडीत नळीत पाणी साचून गुडगुडतं, तेव्हा नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाच्या पाण्याचा पांढरा थर बसतो.

सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार १९८१ साली मांडला, तेव्हा मास्क नाकावर चक्क चिकटवावा लागायचा. त्या मानाने आपलं बरं चाललंय.

तुमचा मास्क नाकाचा आहे की पूर्ण चेहऱ्याचा? आणि सकाळी मशीनवर गळतीचा आकडा किती दिसतो? ते लिहिलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.