प्रागमध्ये बिअरवर तीन बोटं फेस देतात, ही फसवणूक आहे का? आणि घरी तशी कशी ओतायची?

फसवणूक नाही. पण तुमचा संशय मला कळतो. कामानिमित्त प्रागला गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मीही "जरा भरून द्या" म्हणत ग्लास परत केला होता. टॅपवरच्या माणसाने काही न बोलता ग्लासवरच्या बारीक रेघेवर बोट ठेवलं. अर्ध्या लिटरची खूण. फेस बसल्यावर बिअर तिथपर्यंत यायला हवी, एवढाच हिशेब. मी गुपचूप जागेवर जाऊन बसलो.

आपल्याकडे ग्लास तिरका धरून फेस येऊ न देणं ही हुशारी. तिकडे आधी ग्लास गार पाण्याने विसळतात, मग बाजूला वळणारा टॅप थोडा उघडून दाट, ओला फेस सोडतात आणि तोटी फेसात बुडवून खालून बिअर भरतात. फेस झाकणासारखा वर राहतो, बिअरला हवा कमी लागते, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास टिकतो. ह्या प्रकाराला 'ह्लादिंका' म्हणतात. 'श्नित' म्हणजे बिअर कमी, फेस जास्त. 'म्लीको' म्हणजे शब्दशः दूध: ग्लासभर फेसच, चवीला गोडसर.

तिकडे मिळणारी ही सोनेरी लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर, मूळची चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरातली. 1838 मध्ये तिथल्या लोकांनी बिघडलेल्या बिअरची पिंपं भर चौकात ओतून दिली आणि चिडून गावाचा स्वतःचा कारखाना काढला. तिथे 1842 मध्ये योझेफ ग्रोल ह्या बव्हेरियन (दक्षिण जर्मनीतल्या) माणसाने पहिली बिअर केली. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), झातेत्स ह्या चेक गावाकडचे हॉप्स आणि तिथलं अगदी मऊ पाणी. माझ्या मते खरं श्रेय पाण्याचंच; एवढे हॉप्स घालूनही कडवटपणा घशाला ओरबाडत नाही.

घरी ती टॅपची मजा येणार नाही. पण बाटली सात-आठ अंशांवर ठेवा. बर्फगार केलीत की चव मरते, आणि ग्लास फ्रीझरमध्ये तर नकोच. तेलकट हात किंवा साबणाचा अंश लागलेल्या ग्लासात फेस टिकत नाही, म्हणून ग्लास नीट धुवा, गार पाण्याने विसळा आणि न पुसता ओला वापरा. सुरुवातीला धार सरळ मधोमध सोडा, फेस चढला की थांबा, बसू द्या, मग उरलेली हळूच ओता. उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका. तिला उग्र, नकोसा वास येतो.

आणि तिकडे म्लीको मागवलंत तर गप्पा मारत बसू नका. दोन-चार घोटांत संपवा, नाहीतर फेस विरून तळाशी चार घोट बिअर तेवढी उरते.