उड्डाणात ट्रान्सपॉन्डरचा (विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्राचा) चार अंकी कोड बदलताना चुकून 7500 किंवा 7700 (आणीबाणी) असा संकटाचा कोड लागू नये म्हणून काय करावं?

पहिला अंक 7 करायचा असेल, तर तो सगळ्यात शेवटी फिरवा. समजा 1600 वरून 7300 वर जायचंय. आधी पहिल्या अंकाची खुंटी फिरवली की 7600 लागतो, म्हणजे रेडिओ बंद पडल्याची खूण. मग दुसरी खुंटी 6 वरून 3 कडे आणताना वाटेत 7500 येतो, तो तर अपहरणाचा! आधी 1300 आणि मग 7300 केलंत की दोन्ही टळतात. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेची वैमानिकांसाठीची मार्गदर्शिकाही असेच टप्पे सांगते, कारण हे कोड दिसताच नियंत्रकाच्या यंत्रणेत इशारा उमटतो. बदलताना क्षणभर स्टँडबायवर (ट्रान्सपॉन्डर उत्तर देत नाही अशा स्थितीत) जायची जुनी सवय मला पटत नाही. तेवढा वेळ इतर विमानांच्या टीकॅसला, म्हणजे टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला, तुम्ही दिसत नाही. आणि आयडेंटचं, म्हणजे नियंत्रकाच्या पडद्यावर आपली खूण ठळक करणारं, बटण नियंत्रकानं सांगितल्याशिवाय दाबायचं नाही. अर्थात ही खुंट्यांची कसरत जुन्या संचांसाठी. कीपॅडच्या बहुतेक संचांत चौथा अंक दाबेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो, तरी आपल्या संचाची पुस्तिका एकदा बघून घ्या.